देवांच्या मागची भिंत

रविवारचे पोहे झाले, चहाची दुसरी फेरी झाली, तरी कमोड व्हरांड्यातच होता. खोक्यात, थर्माकोल गुंडाळून, रुसून बाहेर बसलेल्या जावयासारखा. आणि घरातली माणसं त्याच्यावरून हलक्या आवाजात भांडत होती.

हलक्या आवाजात, कारण पुढच्या खोलीत अण्णा झोपलेले होते. झोपलेले म्हणजे पडलेले. अर्धांगाच्या झटक्याने डावा हात आणि डावा पाय गेल्यापासून त्यांचा कान मात्र आधीपेक्षा तिखट झाला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी "हळू बोला, अण्णांना ऐकू जाईल" असं एकमेकांना बजावत सगळे बोलायचे ते बोलतच होते. व्हरांड्याची खिडकी अण्णांच्या उशाशी होती, हे कुणी लक्षात घ्यायला तयार नव्हतं.

या घरात अण्णांसमोर संडास हा शब्द कुणी काढत नसे. 'मागे जाऊन येतो' म्हणायचं. अण्णा, म्हणजे शाळेत गणित शिकवण्यात जन्म घालवलेले चिंतामणराव, स्वतः तेवढंही म्हणत नसत. खांद्यावर पंचा टाकून उठायचे आणि घराने काय ते समजून घ्यायचं. पद्मजा थोरली सून म्हणून इंदूरच्या या घरात आली, तेव्हा सासूबाईंनी मिठाचा डबा कुठे असतो हे सांगताना त्याच दमात हेही सांगितलं होतं. तेव्हापासून सासऱ्यांशी तिचं बोलणं "चहा ठेवलाय" आणि "फोन आलाय" यांच्या फारसं पुढे गेलेलं नव्हतं. त्यात अढी नव्हती, आदर होता. पण आदराचंही ओझं होतं, आणि ते हल्ली तिला जड जायला लागलं होतं.

कारण अण्णांनी पाणी सोडलं होतं.

उपास म्हणून नव्हे. शाम, तिचा नवरा, सकाळी ऑफिसला जायच्या आधी त्यांना भांडं द्यायचा आणि संध्याकाळी आल्यावर पुन्हा. मधल्या वेळेत घरात बायका. सासूबाईंच्या, सुलोचनाबाईंच्या, मनगटात जोर नाही, आणि सुनेच्या हातून हे करून घेणं अण्णांच्या गणितात बसत नव्हतं. एकदा पद्मजा भांडं घेऊन पुढे झाली, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. मग त्यांनी आपला हिशेब आपणच सोडवला: प्यायचंच नाही, म्हणजे प्रश्न नाही. पेल्यातलं पाणी ओठाला लावून परत जायचं. आजचे पोहेही दोन घासांवर राहिले होते. डॉक्टरांनी परवा पद्मजेला बाजूला घेऊन सांगितलं होतं, असंच चाललं तर पुन्हा भरती करावं लागेल, आणि या वेळी घरी परत आणता येईल असं मी म्हणत नाही.

म्हणून कमोड. वरच्या मजल्यावर एक होता, पण जिना कोण चढणार? खाली होती ती जुनी देशी सीट, जिच्यावर बसणं आता अण्णांना या जन्मात शक्य नव्हतं. ती काढून तिथे कमोड बसवायचा, आणि असा बसवायचा की अण्णा वॉकर घेऊन आपले आपण जातील, आपले आपण उठतील. एवढंच काम. शामच्या धाकट्या भावाने, नीरजने, आधी भिंतीला टांगायचा कमोड आणला होता. भिंत निघाली चार इंची, त्याचा भार पेलणारी नव्हे, म्हणून तो परत गेला, आणि त्या परतीवरून दोघा भावांत जे व्हायचं ते होऊन गेलं. आता हा जमिनीवर बसणारा आला होता.

"भिया, पॉट कां बैठाना है, बस इत्ता बता दो," मिस्तरी पायरीवरून म्हणाला. "मेरे को फिर देपालपुर निकलना है."

"बताते हैं भिया, दो मिनट," म्हणत नीरज आत वळला, आणि सगळी वरात पुन्हा एकदा बाथरूमकडे गेली.

बाथरूम कसलं, आत एकजण वळला की दुसऱ्याने पोट आत घ्यायचं. सांडपाण्याचं भोक दाराच्या समोरच्या, आतल्या कोपऱ्यात होतं, म्हणजे कमोड त्या कोपऱ्यातच येणार हे ठरलेलं. प्रश्न फक्त त्याचं तोंड कुठे करायचं एवढाच, आणि तेवढ्यावर घर अडलं होतं.

"तोंड दाराकडे," पूर्णिमा म्हणाली. ती या दोघांची बहीण, सकाळीच पलासियाहून स्कूटी काढून आली होती. "मतलब दक्षिणेला. उत्तर-दक्षिण चालतं, पूर्व-पश्चिम बिलकुल नाही. मी आमच्या वास्तुवाल्यांना फोन करून विचारलंय."

"मी पण तेच म्हणून राहिलोय," शाम म्हणाला. त्याने सीटवर फळी टाकली, फळीवर प्लास्टिकचं स्टूल ठेवलं आणि दाराकडे तोंड करून बसून दाखवलं. "बघा. आरामात. गुडघेही दाराला लागत नाहीत." आणि उठला.

मग नीरज बसून उठला. मग पूर्णिमाही, ओढणी सावरत. "एकदम बढिया," ती म्हणाली.

पद्मजा दारात उभी राहून बघत होती. तिघंही उठताना डावा तळवा शेजारच्या भिंतीवर टेकवून उठले होते. तिघंही त्याच टाइलवर. कुणाला कळलंही नव्हतं.

"भिंत डाव्या हाताला येतेय," ती म्हणाली.

"मग? आधार झाला न," शाम म्हणाला.

"अण्णांना डावा हात कुठाय?"

मायेत कमी नव्हतं कुणी, हे पद्मजेलाही मान्य होतं. सगळ्यांनी वडिलांसाठी जीव टाकून विचार केला होता, फक्त तो आपापल्या धडधाकट अंगाने केला होता. आणि ज्याच्यासाठी सगळं चाललंय त्याला विचारायचं, तर त्याच्यासमोर तो शब्द काढणार कोण?

"उजवीकडे दांडा ठोकू न जमिनीत," नीरज म्हणाला. त्याची सांवेर रोडवर फॅक्टरीत नोकरी. दांडा म्हटलं की त्याला जोर चढायचा. "स्टीलचा. मी उद्याच वेल्ड करून आणतो."

"फिर वॉकर कां से निकलेगा, भिया?" मागून मिस्तरी म्हणाला. "दांडा तो बीच रस्ते में आ गया."

पद्मजेने आत जाऊन स्टूल नुसतं वळवलं. कोपरा तोच, भोक तेच. स्टुलाची पाठ आता बाजूच्या भिंतीला आली. तिने आपला डावा हात पदराखाली कमरेशी घट्ट दाबून धरला, बसली, आणि उजवा हात आतल्या भिंतीवर टेकवून उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. मोठी सून संडासात स्टुलावर उठाबशा काढतेय, हे दृश्य एरवी हसण्यासारखं होतं, पण हसलं कुणी नाही. ती दमली होती, आणि तिचं बरोबर होतं, दोन्ही त्यांना दिसत होतं.

"असं," ती म्हणाली. "दांडा या आतल्या भिंतीला, उजव्या हाताशी. वॉकर समोर. त्यांना कुणी लागणार नाही."

आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की जिला पाठ लागली ती भिंत कोणती. तिच्या पलीकडे स्वयंपाकघर होतं, आणि त्याच भिंतीला लागून देवघर.

"त्या भिंतीला नाही," सुलोचनाबाईंचा आवाज आला. त्या केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक.

"आई, नुसती पाठ लागतेय—" पद्मजा म्हणायला गेली.

"कुणाच्या पाठीला लागतेय? माझ्या सासूबाईंनी देव हातात दिले ते शेवटचे हात जोडून. देव पूर्वेला तोंड करून बसलेत आणि त्यांच्या पाठीमागे हे? मी जिवंत आहे तोवर नाही." एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या. वरात त्यांच्या मागे.

"आणि वरून तोंड पश्चिमेला येतंय," पूर्णिमा म्हणाली. "मी आईच्या बाजूने आहे. सॉरी, वहिनी."

"देव हलवू या, आई," पद्मजा म्हणाली. "त्या कोपऱ्यात जागा आहे. आपण गुरुजींना विचारू, मुहूर्ताने हलवू."

"देव म्हणजे काय खुर्ची आहे? इकडची तिकडे?"

पद्मजेने नवऱ्याकडे बघितलं. आत्ता, तिच्या उठाबशा संपल्यावर, शामनेच मान डोलावली होती. तिने स्वतः पाहिलं होतं. शाम हातातली मोजपट्टी ओढत आणि सोडत उभा होता.

"आई म्हणतेय तर..." तो म्हणाला. "काहीतरी दुसरं बघू."

पद्मजेच्या अंगाचा तिळपापड झाला. संसारात तिने याला पुष्कळदा माफ केलं होतं. पण आज पलीकडच्या खोलीत एक माणूस तहानेने ओठ चाटत पडला होता, आणि हा मोजपट्टीशी खेळत होता.

"दुसरं काय बघणार?" ती म्हणाली. "जागा केवढी आहे?"

"जाऊ दे, वहिनी. झंझटच नको," नीरज म्हणाला. "अण्णांना मी घेऊन जातो. माझ्या फ्लॅटला लिफ्ट आहे, बाथरूममध्ये व्हीलचेअर फिरते, चोवीस तासांचा माणूस ठेवतो."

"हां, म्हणजे आता आलं बाहेर," शाम म्हणाला. त्याच्या हातातली मोजपट्टी सुटून खट्कन आत गेली. "दिवाळीला पण हेच बोलला होतास. थोरल्याने बापाला घराबाहेर काढलं, हे लोकांनी म्हणायला पाहिजे, नाही का?"

"लोकांचं सोड यार, दादा. तुझ्याच्यानं एक पॉट बसवणं होत नाहीये."

"तू आणलास तो परत गेला, विसरलास?"

"अरे, पण नीरज गलत नाही बोलून राहिला," पूर्णिमा मध्ये पडली, म्हणजे या बाजूची उठून त्या बाजूला जाऊन बसली. "तिकडची वास्तूही चांगली आहे. आईचे देवही राहतील. सगळ्यांचंच भलं आहे त्यात."

"आई ऐकून तर घेईल का?" शाम म्हणाला. "आई, सांग याला."

सुलोचनाबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. "घेऊन जा," त्या म्हणाल्या.

नीरजही दचकला. तो हे ऐकायला आला नव्हता, नुसतं बोलायला आला होता.

पद्मजा सासूकडे बघत राहिली. ही बाई अण्णा जेवल्याशिवाय कधी जेवली नव्हती. लेकीच्या बाळंतपणाला गेली तरी तिथून फोन करून त्यांच्या आमटीत मीठ किती, ते सांगायची. ती देव अर्धा हात सरकवायला तयार नाही, आणि नवऱ्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवायला तयार आहे? हे जुळत नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "हे देवांचं नाही. काय आहे ते सांगा."

"मला नाही काही सांगायचं."

"आई."

सुलोचनाबाईंनी ओट्याची कड धरली. "दार मी बडवलं होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी. तुम्ही सगळे नंतर आलात. आतून कडी, आणि आत ते पडलेले. आवाज येत होता त्यांचा, शब्द नव्हता. मी बडवतेय, बडवतेय, 'अहो, कडी काढा' म्हणतेय, आणि तो माणूस आतून नुसता घरघरतोय. शामने सब्बल आणून दार तोडेपर्यंत मी तिथे होते. तुम्हाला काय कळणार?" त्यांचा आवाज चढला. "कमोड बसला की ते एकटे जातील. एकटे गेले की कडी लावतील. जन्मभर लावत आलेत. मला ते दार परत बडवायचं नाही. तिकडे नीरजचा माणूस असेल. काय व्हायचं ते तिकडे होऊ दे. माझ्यासमोर नको."

पूर्णिमाने आईच्या पाठीवर हात ठेवला.

पद्मजेला सासूची दया आली. त्याच वेळी असंही वाटलं, की आत्ता दया केली तर सगळं हातचं जाईल.

"ते पाणी पीत नाहीयेत, आई," ती म्हणाली. आवाज हलका ठेवायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. "तुम्ही पेला भरून ठेवता आणि मी भरलेलाच उचलते. आपल्या हातून करून घ्यावं लागू नये म्हणून ते प्यायचंच थांबलेत. डॉक्टर म्हणाले, या वेळी गेले तर परत येणार नाहीत. तुम्ही दाराला घाबरताय. दार बडवायचीसुद्धा वेळ येणार नाही आपल्यावर. ते तिथे पडल्यापडल्या सुकून जातील, आणि आपण देवाची पाठ अन् वास्तूचं तोंड बघत बसू!"

"काय सांगतेस?" शाम म्हणाला. "मला का नाही बोललीस?"

"रोज बोलते. तू 'हो' म्हणतोस."

तेवढ्यात पुढच्या खोलीतून हाक आली.

"पद्मजा."

झटक्यानंतर अण्णांची जीभ जड झाली होती, जोडाक्षर त्यांना सहज येत नसे. पण नाव स्पष्ट होतं. आजारी पडल्यापासून त्यांनी हाक मारली होती ती "अगं" नाहीतर "शाम". सुनेला नावाने कधीच नाही.

सगळेच धावले. अण्णा उशीवर मान उचलून वाट बघत होते. गणिताचा तास घ्यायचे तेव्हा वर्ग गप्प होईपर्यंत ते असेच थांबत असत, असं शाम सांगायचा. सगळे गप्प झाले.

"ऐकलं," ते म्हणाले. "सकाळपासून." एकेक शब्द ते निवडून, जपून टाकत होते. "पद्मजाचं बरोबर. पाठ देवांकडे. देवांना मी विचारलंय. दिवसभर पडून दुसरं काय करतो?"

"अण्णा, पण तोंड पश्चिमेला—" पूर्णिमाच्या तोंडून सवयीने निघालं.

"येऊ दे. सगळी उत्तरंच होती माझी जन्मभर. आता पश्चिम बघतो."

नीरजला हसू फुटलं आणि तो खाली बघायला लागला. अण्णांनी मान बायकोकडे वळवली. तेवढ्यालाही त्यांना वेळ लागला.

"कडी काढून टाका. दार नुसतं लोटीन. तू बाहेर बैस. पाट टाकून." ते श्वास घ्यायला थांबले. "पण सारखी हाक मारायची नाही. माणसाला... वेळ लागतो."

सुलोचनाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "बसेन," त्या म्हणाल्या. "दोनदाच मारीन."

"एकदा."

"बरं, एकदा."

इथे सगळं मिटलं असं वाटून शाम मिस्तरीला सांगायला निघाला होता. पण अण्णांची नजर अजून हलली नव्हती. त्यांच्या उजव्या हाताने चादर मुठीत धरली होती, आणि चेहरा हळूहळू लाल होत होता.

"आणि मला," ते म्हणाले, आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली. "मला संडासला जायचंय. आत्ता."

तो शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा.

"सगळे बाहेर व्हा," शाम लगबगीने पुढे आला. "मी आहे, अण्णा. मी करतो."

"तू नको. तू उद्या ऑफिसात." त्यांनी सुनेकडे बघितलं. बघणं त्यांना अवघड जात होतं, पण त्यांनी नजर काढली नाही. "ते बसेपर्यंत तूच आहेस. तू थांब."

"हो, अण्णा," पद्मजा म्हणाली.

सगळे बाहेर गेले. तिने पडदा ओढला, पलंगाखालचं भांडं घेतलं, चादर तशीच अंगावर ठेवून खालून हात घातला. उजव्या कुशीला घेतलं, पुन्हा सरळ केलं. हॉस्पिटलात नर्सकडून तिने हे बघून ठेवलं होतं. अण्णांनी छताकडे डोळे लावले होते. उजव्या हाताने तिचं मनगट धरलं होतं, आणि सगळं अंग असं ताठ केलं होतं की जणू कुणी मारणार आहे.

काही झालं नाही.

होणार कसं? बाहेर चिडीचूप झालं होतं. खिडकीपलीकडे व्हरांड्यात आख्खं घर उभं होतं, श्वास धरून, आदराने. कुणाच्या तरी चपलेचा आवाजसुद्धा इथे ऐकू येत होता, मग इथला तिथे जाणारच. अण्णांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मान हलवली. नाही. राहू दे. ते आता पुन्हा भिंतीकडे तोंड करतील, आणि मग कधीच विचारणार नाहीत, हे पद्मजेला लख्ख दिसलं, आणि काय करावं ते तिला सुचेना.

"ए मिस्तरी!"

सुलोचनाबाई. एवढा मोठा आवाज या बाईला आहे, हे घराला माहीत नव्हतं.

"बैठा क्या है? उठा हथोड़ा! तोड़ वो पुरानी सीट! और वो कडी भी निकाल दार की!"

"अब्बी, माताजी?"

"अब्बी नहीं तो क्या दिवाली को? शाम, हो पुढे! पूर्णिमा, चल, देव उचलायला लाग! नीरज, तू का तोंड बघतोयस? संडासाचा दांडा किती लांब पाहिजे ते मोज!"

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग पूर्णिमाला कळलं. "आई, संडासाची टाइल कुठली घ्यायची?" ती किंचाळलीच. "पांढरी की निळी?"

"निळी कशाला? संडासात पांढरीच बरी!" शाम ओरडला.

"अरे दादा, पांढरीवर घाण दिसते यार!" नीरज. आणि मग आत हातोडा पडला, धाड् धाड्, भिंती हादरल्या, ओट्यावरची भांडी खडखडली, शेजारच्या गॅलरीत कुणीतरी "काय झालं?" विचारायला आलं, त्यांनाही नीरजने संडासाची सगळी हकिकत ओरडून सांगायला सुरुवात केली.

"किती... ओरडतात," अण्णा म्हणाले.

"ओरडू द्या," पद्मजा म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले. मनगटावरची त्यांची पकड हळूहळू सैल पडली, आणि मग त्यांनी अंगही सैल सोडलं.